हातमोजेवाली बाई

शैलेंद्र मगदूम हा माणूस मुळातच कमी बोलणारा. सांगलीतल्या एका तलावावर तो पोहायला शिकवायचा, आणि तिथेही त्याचं काम तोंडापेक्षा हातांनीच चालायचं. घाबरलेल्या माणसाच्या पाठीखाली तो नुसता तळवा धरायचा, आणि तेवढ्यानं ते माणूस पाण्यावर सैल पडायचं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी उज्ज्वलानं त्याला दोन-तीनदा विचारलं होतं, "तुम्हाला मी आवडते की नाही, एकदा तोंडानं सांगा की." त्यातल्या एकदा ती मेथी निवडत होती. तो हसला, येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि मेथी निवडू लागला. हेच त्याचं सांगणं, हे तिला हळूहळू कळत गेलं. भांडण झालं की तो आपलं ताट उचलून तिच्या शेजारी येऊन बसायचा. तिचे वडील गेले तेव्हा सांत्वनाचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, पण पंधरा दिवस ती ज्या खोलीत असेल त्या खोलीत तो होता. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी परतताना बसमध्ये त्यानं तिचा हात धरला तो घराचं कुलूप उघडेपर्यंत सोडला नाही. त्या विषयावर त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं.

एक्कावन्नाव्या वर्षी तलावाच्या काठावरच तो कोसळला. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण मानेखालचं सोडाच, पापणीही त्याच्या ताब्यात राहिली नाही. डोळे उघडे असायचे आणि नजर छताला. आत कुणी जागं आहे का, या प्रश्नावर डॉक्टर खांदे उडवायचे.

उज्ज्वला पोस्टात नोकरीला होती. तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. सुरुवातीला कामाला एक बाई ठेवली होती, पण तिच्या हयगयीनं शैलेंद्रच्या माकडहाडाशी जखम झाली, तेव्हापासून उज्ज्वलानं त्याच्या शुश्रूषेला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. गळ्याला पाडलेल्या भोकातून नळी घालून साचलेला कफ ओढून काढायचा. आखडलेली बोटं, कोपर, गुडघे दिवसातून दोनदा ताणून सरळ करायचे, नाहीतर सांधे कायमचे धरतात. ताणताना ती म्हणायची, "थोडं सोसा, झालंच." आणि मग हातावरून हात फिरवायची. "बाकी काही कळो न कळो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझा हात त्यांना कळतो."

अशी चार वर्षं गेली.

*

मिरजेच्या बाहेर मेंदूच्या आजारांचं एक नवं केंद्र उघडलं होतं. तिथल्या डॉ. निलोफर मुजावर यांनी शैलेंद्रला आठ दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे स्पर्शालेख नावाचं यंत्र आलं होतं.

"आपल्या कातडीत दोन तऱ्हेच्या तारा असतात असं समजा," डॉक्टरांनी उज्ज्वलाला समजावलं. "जाड तारा वेगवान. काय लागलं, कुठे लागलं, हे त्या क्षणात सांगतात. दुसऱ्या बारीक, सावकाश चालणाऱ्या. त्यांना एकाच गोष्टीत रस असतो. कुणीतरी उबदार हातानं हळू कुरवाळतंय का. सेकंदाला तीनेक सेंटिमीटर, आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते त्या गतीनं. त्यांचा निरोप मेंदूच्या वेगळ्याच भागात जातो. कुठे लागलं याच्याशी त्या भागाला कर्तव्य नसतं. आपण सुखरूप आहोत की नाही, तेवढं तो ठरवतो."

यंत्र म्हणजे एक हलकी टोपी होती. तिच्यात साखरेच्या दाण्याएवढे शेकडो संवेदक होते. मेंदूच्या पेशींत वीज खेळली की भोवती अतिशय क्षीण चुंबकत्व उमटतं. ते हे दाणे टिपायचे, आणि पडद्यावर एक रेघ सरकत राहायची. स्पर्शानं माणूस निवला की रेघ वर. धास्तावला की खाली.

पहिल्याच दिवशी कळलं की शैलेंद्र आत जागा होता. पूर्ण जागा, आणि कदाचित पहिल्या दिवसापासून. उज्ज्वलानं ते ऐकलं. हसावं की रडावं ते तिला समजेना.

मग स्पर्शांची पाळी आली. परिचारिकेनं हात फिरवला, रेघ जरा वर सरकली. मंगळवार होता, म्हणून तलावावरचा रखवालदार पोपट वाघमोडे आला होता. गेली चार वर्षं तो दर मंगळवारी यायचा, शैलेंद्रच्या मनगटावर हात ठेवून तलावावरच्या बातम्या सांगायचा आणि जायचा. त्यानं हात ठेवला तशी रेघ चढली ती चढतच गेली.

"सर खूश दिसत्यात," पोपट म्हणाला.

उज्ज्वलाला कौतुक वाटलं. आता आपली रेघ बघा, असंही मनात आलं. ती पदर सारखा करून पुढे झाली. तिचा हात अजून त्याच्या अंगाला लागलाही नव्हता, तेवढ्यात रेघ कड्यावरून दगड पडावा तशी खाली गेली.

"परत बघू," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. तिच्या चपलांचा आवाज दारात आला, तिच्या बांगड्या वाजल्या, तिच्या साबणाचा वास पोहोचला, की रेघ तळाला जायची.

डॉक्टर दोन दिवस विषय टाळत राहिल्या. शेवटी उज्ज्वलाच त्यांच्या खोलीत जाऊन बसली.

"मला घाबरतात का ते?"

"ते नाही घाबरत. त्यांचं शरीर घाबरतं."

"त्यात फरक काय?"

डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला केला. "उज्ज्वलाताई, नळीनं कफ ओढताना जीव गुदमरतो. बुडत असल्यासारखं वाटतं. धरलेले सांधे ताणले की कळ डोक्यात जाते. आणि त्यांना हे सगळं जाणवत होतं. चार वर्षं, दिवसातून दहा-पंधरा वेळा. दरवेळी आधी तुमची पावलं, तुमचा वास, तुमचा हात, आणि मग वेदना. मेंदूचा जुना भाग एवढंच शिकतो, की हे आलं की ते येणार. तुम्ही ते प्रेमानं करत होता, हे त्याला कोण सांगणार?"

"मी ताणून झाल्यावर हात फिरवायचे. रोज."

"हो. पण तोवर पुढच्या वेळेची भीती सुरू झालेली असायची."

उज्ज्वलानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "या कामांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "मीच नाही लावू दिला."

*

डॉक्टरांनी उपाय सुचवला. शैलेंद्रला केंद्रातच ठेवायचं. त्रासाची सगळी कामं परिचारिकांनी करायची. उज्ज्वलानं फक्त जवळ बसायचं, हात फिरवायचा, बाकी काही नाही. तिच्या येण्यामागून वेदना येत नाही, हे शरीराला पटलं तर भीती विझेल.

तिनं दीड महिना ते केलं. सांगलीहून रोज सकाळी बसनं यायची आणि जपून, फुंकर घालावी इतक्या हलक्या हातानं कुरवाळायची. रेघ रोज पडत होती. पडली की छातीचे ठोके वाढायचे, कफ साचायचा, परिचारिकेला नळी घालावी लागायची. म्हणजे तिच्या येण्यामागून वेदना यायचीच. दोनदा फुप्फुसात संसर्ग झाला.

"तुम्ही काही दिवस येऊ नका," डॉक्टरांना म्हणावं लागलं.

"मी नाही आले तर त्यांना कसं कळणार की मी आहे?"

चार दिवसांनी डॉक्टरांनीच फोन केला. शरीर ज्या खुणांना घाबरतं त्या खुणाच काढून टाकल्या तर काय होतं ते बघू, म्हणाल्या.

म्हणून उज्ज्वलानं साबण बदलला. केसांना तेल लावणं सोडलं. केंद्रातल्या कपडे बदलायच्या खोलीत बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवली, केंद्राचा निळा झगा घातला, रबरी तळाच्या सपाता घातल्या. हातांत केंद्रानं बनवलेले पातळ मोजे चढवले. ते माणसाच्या कातडीइतके उबदार राहायचे, पण त्यांना रेषा नव्हत्या, घट्टे नव्हते. बोलायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

"शैलेंद्रसाहेब, या नव्या बाई," डॉक्टर त्याला म्हणाल्या. "या फारसं बोलत नाहीत."

उज्ज्वलानं त्याच्या हातावर हात ठेवला आणि कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश आणला. रेघ जागीच थबकली आणि मग हळूहळू वर चढू लागली. पोपटच्या रेघेच्याही वर गेली. शैलेंद्रची आवळलेली मूठ उकलली. चार वर्षं ती जी बोटं ताणून सरळ करत होती, ती आपणहून सैल पडली.

उज्ज्वला खोलीबाहेर येऊन बाकावर बसली. परिचारिका म्हणाली, "ताई, छान झालं की."

"हो," ती म्हणाली. "छान झालं."

रोज अर्धा तास ती जाऊ लागली. त्याच्या गालांवर रंग आला, संसर्ग थांबला, वजन वाढलं. पहिले काही दिवस तिला सुखाचे गेले. मग एके सकाळी त्याच्या कपाळावरून हात फिरवताना तिच्या मनात आलं, की तीस वर्षांच्या संसारात आपला नवरा आज परक्या बाईच्या हातांनी निवतो आहे, आणि ती बाई आपल्याच अंगात येऊन बसली आहे. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही.

*

तीन महिन्यांत शैलेंद्रचं चित्त इतकं स्थिर झालं की डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं. पोहण्याची कल्पना केली की मेंदूचा एक भाग उजळतो, घराचा जिना चढण्याची केली की दुसरा. पोहणं म्हणजे हो, जिना म्हणजे नाही. मग क-वर्ग, च-वर्ग अशी अक्षरं म्हणत जायचं आणि तो हो म्हणेल तिथे थांबायचं. एका शब्दाला कधी तास लागायचा.

त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायला दोन दिवस लागले. उज्ज्वला मोजे घालून शेजारी बसलेली होती आणि त्याचा हात तिच्या हातात होता. डॉक्टर अक्षरं पाटीवर मांडत होत्या. मांडून झाल्यावर त्यांनी ती वाचली आणि उज्ज्वलाकडे बघितलं.

पाटीवर होतं : *उज्ज्वला गेली का*

"गेली म्हणजे सोडून गेली?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

जिना. नाही.

"वारली?"

पोहणं. हो.

ती येत नाही, याचा एवढा एकच अर्थ त्याला सुचला होता. सोडून जाईल हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. उज्ज्वलानं तोंडावर हात दाबून धरला.

एवढ्या बाबतीत डॉक्टरांना रुग्णाशी खोटं बोलवेना. "त्या जिवंत आहेत, खडखडीत आहेत," त्यांनी सांगितलं, आणि मग शांतपणे सगळं समजावलं. रेघ, भीती, तिचं दूर राहणं. एक गोष्ट मात्र त्यांनी गाळली, कारण पलंगापलीकडून उज्ज्वला मान हलवून नको म्हणत होती. हे मोजे तिचे आहेत हे त्याला कळलं, तर शरीर या मोज्यांनाही घाबरू लागेल. तेवढी एकच वाट उरली होती.

शैलेंद्रनं तासाभरात दोन शब्द मांडले. *तिला आणा*

"त्रास होईल तुम्हाला."

पोहणं. त्यानं तेच उत्तर तीनदा दिलं.

*

दुसऱ्या दिवशी ती स्वतःसारखी आली. जुना साबण, तेल, बांगड्या, त्या चपला. दारातून म्हणाली, "अहो, मी आले."

रेघ काही क्षण वर उचलली गेली. डॉक्टरांनीही ते पाहिलं. मग ती कोसळली. उज्ज्वलानं उघड्या हातानं त्याचा हात धरला. तो थंड घामानं भिजला होता. ठोके एकशे चाळीसवर गेले. तिनं हात काढायला घेतला तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, "थांबू या?" आणि पडद्यावर जिना उजळला. नाही.

असं तीन दिवस चाललं. रोज तो तिला बोलावत होता आणि रोज त्याचं शरीर तिच्यापासून पळायला बघत होतं. एकाच पलंगावर दोन माणसं असल्यासारखं होतं ते. एकाला ती हवी होती, आणि दुसऱ्याला तिच्या पावलांनी कापरं भरत होतं. तिला वाटायचं, जिंकेल पहिलाच. तीस वर्षं तिनं त्यालाच ओळखलं होतं.

चौथ्या दिवशी परिचारिका पलीकडच्या खोलीत गेली होती. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. शैलेंद्रच्या गळ्यात एकदम कफ दाटला, छाती नुसतीच उचलू लागली, ओठ काळवंडले. यंत्र किंचाळायला लागलं. उज्ज्वलानं विचार केला नाही. चार वर्षांत हजारो वेळा केलेली गोष्ट तिच्या हातांनी आपोआप केली. नळी उचलली, गळ्याच्या भोकात घातली, ओढली. "थोडं सोसा," ती म्हणाली, "झालंच."

श्वास मोकळा झाला. परिचारिका धावत आली तोवर सगळं निभावलं होतं. हातात नळी घेऊन उज्ज्वला उभी होती आणि पडद्यावरची रेघ इतकी खाली गेली होती, की कडेबाहेर जाऊन दिसेनाशी झाली होती.

"तुम्ही वाचवलंत त्यांना," डॉक्टर म्हणाल्या.

उज्ज्वलानं नळी ताटलीत ठेवली. आपण काय केलं हे तिला डॉक्टरांपेक्षा लवकर कळलं होतं.

त्यानंतर दोन दिवस शैलेंद्रनं एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं : *ती बाई कुठे. मोजेवाली*

उज्ज्वलानं बांगड्या काढल्या, झगा घातला, मोजे चढवले. ती शेजारी बसली आणि हात कोपरापासून मनगटाकडे आणला. रेघ वर आली. मग त्यानं अक्षरं मांडायला सुरुवात केली. डॉक्टर एकेक वर्ग म्हणत राहिल्या. दुपार उलटली. आपल्याला उद्देशून येणारा निरोप तिनं अक्षर-अक्षर करून समोर उमटताना पाहिला. तेवढा वेळ तिचा हात त्याच्या हातावरून त्याच गतीनं फिरत होता.

*बाई. उज्ज्वलाला सांगा. येऊ नको. भीती वाटते*

डॉक्टरांनी पाटी खाली ठेवली. "उज्ज्वलाताई," त्या आवाज न करता ओठांनी म्हणाल्या. उज्ज्वलानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं त्याचा हात एकदा दाबला, सांगते म्हणून. रेघ तशीच शांत होती.

*

शैलेंद्र त्यानंतर पावणेतीन वर्षं जगला. पाटीवर तो बराच बोलका झाला, आधीच्या आयुष्यात कधी नव्हता इतका. पोपटला तो तलावाच्या बातम्या विचारायचा, डॉक्टरांना त्यांच्या मुलीबद्दल. उज्ज्वलाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पोपटनं एकदा तिला गाठून म्हटलं, "वहिनी, सांगून टाकूया का सरांना?"

"काय सांगणार?" ती म्हणाली. "आणि सांगितल्यावर मी जाऊ कुठे?"

ती रोज सकाळी दहाला जात राहिली. एकदा शैलेंद्रनं मोजेवालीला मांडून दाखवलं, *तुमचा हात चांगला आहे*. लग्नानंतर त्यानं शब्दांत सांगितलेली अशी ती पहिलीच गोष्ट होती, आणि ती त्यानं दुसऱ्या बाईला सांगितली होती.

शेवटी साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानं बाईला बोलवायला सांगितलं. ती दिवसभर बसली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला श्वास थांबला. रेघ वरही गेली नाही की खालीही नाही. मधोमध सपाट झाली.

डॉक्टर परिचारिकेला घेऊन बाहेर गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. उज्ज्वलानं मोजे काढले. उघड्या हातात त्याचा हात घेतला, आणि चार वर्षं जी बोटं तिनं ताणली होती ती एकेक करून आपल्या बोटांत गुंफली. सवयीनं तिनं पडद्याकडे पाहिलं. रेघ पडली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "मी आहे."

तिनं आपली खुर्ची पलंगाला भिडवली आणि खांद्याला खांदा लागेल अशी ती त्याच्याकडे कलून बसून राहिली.